डेटा स्ट्रक्चर आणि हल्लेखोर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅश टेबल, ट्री, लिंक्ड लिस्ट कशी चालते हे ठाऊक असलेल्या, पण त्यांच्याकडे सुरक्षेच्या नजरेने कधी न पाहिलेल्या प्रोग्रामरसाठी हा मजकूर आहे. हॅश टेबलबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं, म्हणून जागाही त्यालाच जास्त दिली आहे.

डेटा स्ट्रक्चरमध्ये कसला आलाय सुरक्षेचा प्रश्न? चूक तर कोडमध्ये असते ना?

हॅश टेबलमध्ये शोध सरासरी स्थिर वेळात होतो, असं आपण सगळे शिकतो. घोडं पेंड खातं ते त्या ‘सरासरी’ शब्दापाशी. येणाऱ्या कीज कुणी मुद्दाम निवडलेल्या नाहीत, असं धरून ही सरासरी काढलेली असते. कीज हल्लेखोरच पाठवत असेल तर तो सरासरी कीज कशाला पाठवेल? तो वेचून वेचून वाईटातल्या वाईट पाठवणार. तुमच्या कोडमध्ये एकही बग नसेल, सगळ्या टेस्ट पास होत असतील, तरी सर्व्हर झोपेल.

हा झाला एक प्रकार. दुसरा जुना आणि जास्त बदनाम: बाहेरून आलेली लांबी, इंडेक्स किंवा पॉइंटर खरा मानून चालणं. तिसऱ्याकडे फारसं कुणी बघत नाही: रचना स्वतःच माहिती बाहेर सांडते, कधी लागणाऱ्या वेळातून तर कधी नोंदींच्या क्रमातून.

हॅश टेबलवरचा हल्ला नेमका चालतो कसा?

जावाच्या स्ट्रिंगचं उदाहरण घ्या, ते कागदावर करून बघता येतं. तिथे आतापर्यंतच्या बेरजेला ३१ ने गुणून पुढच्या अक्षराचा कोड मिळवत जातात. कॅपिटल ‘ए’चा कोड ६५ आणि स्मॉल ‘ए’चा ९७; ६५ × ३१ + ९७ = २११२. आता कॅपिटल ‘बी’ दोनदा लिहा: ६६ × ३१ + ६६ = २११२. दोन वेगळ्या जोड्या, हॅश एकच.

खरी गंमत पुढे आहे. या जोड्या एकापुढे एक कशाही रचल्या तरी हॅश तोच राहतो. दोन जोड्यांपासून चार स्ट्रिंग, तीनपासून आठ, आणि सोळा जोड्यांपासून ६५,५३६ स्ट्रिंग. प्रत्येक ३२ अक्षरांची, सगळ्यांचा हॅश सारखा. त्या फॉर्मच्या पॅरामीटरची नावं म्हणून पाठवल्या तर रिक्वेस्ट होते जेमतेम सव्वादोन एमबीची. सर्व्हर त्या हॅश टेबलमध्ये भरायला बसतो, सगळ्या एकाच बकेटमध्ये जाऊन पडतात, आणि प्रत्येक नवी स्ट्रिंग आधीच्या सगळ्यांशी ताडून बघावी लागते. एकूण तुलना होतात २१४ कोटींच्या वर. एका रिक्वेस्टमध्ये. हल्लेखोराला ना बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या संगणकांची फौज) लागतं, ना मोठी बँडविड्थ.

हे प्रत्यक्षात कधी झालंय की फक्त शोधनिबंधातलं आहे?

निबंधापासूनच सुरुवात झाली. २००३ मध्ये स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलॅक यांनी हा प्रकार पद्धतशीर मांडला. ब्रो नावाच्या घुसखोरी-शोधक प्रणालीवर त्यांनी साध्या डायल-अप मोडेमपेक्षाही कमी वेगाने निवडक पॅकेट सोडली. सहा मिनिटांत ती ७१ टक्क्यांपर्यंत ट्रॅफिक न तपासताच सोडून द्यायला लागली. पर्लने त्याच वर्षी आपला हॅश बदलला. बाकीच्या भाषांनी कानाडोळा केला.

आठ वर्षांनी, डिसेंबर २०११ मध्ये, बर्लिनच्या एका हॅकर परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियन वेल्डे यांनी हीच गोष्ट पीएचपी, जावा, पायथन, रुबी, एएसपी डॉट नेट अशा जवळपास सगळ्या वेब मंचांवर लागू पडते हे दाखवलं. मग मात्र धावपळ झाली. मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर, २९ डिसेंबरला, दुरुस्ती काढली. पीएचपीने हॅशला हात न लावता एका रिक्वेस्टमधल्या पॅरामीटरची संख्या १००० वर आणली. ही मर्यादा फॉर्म, क्वेरी आणि कुकीपुरतीच आहे. जेसन म्हणून आलेल्या मजकुराला ती लागू होत नाही. आजार म्हशीला आणि औषध पखालीला असं अगदीच म्हणता येणार नाही, पण त्याच्या जवळपास.

मग हॅशला रँडम सीड दिलं की काम झालं?

नाही, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

प्रोसेस सुरू होताना एक गुप्त संख्या निवडायची आणि ती हॅशमध्ये मिसळायची, ही कल्पना बरोबर आहे. पण ‘मिसळायची’ कशी, यावर सगळं अवलंबून. मर्मरहॅशसारख्या वेगवान फंक्शनमध्ये सीड आहे. तरी २०१२ मध्ये ओमासों, बर्नस्टाइन आणि बॉसलेट यांनी अशा इनपुट बनवून दाखवल्या की सीड काहीही असो, त्या एकमेकींवर आदळतातच. दरवाजाला कुलूप आहे, पण ते कुठल्याही किल्लीने उघडतं. त्यावर उतारा म्हणून त्यांच्यापैकी ओमासों आणि बर्नस्टाइन यांनी सिपहॅश आणलं. ते छोट्या इनपुटवर पुरेसं वेगवान आहे आणि गुप्त की माहीत नसेल तर टकरी शोधणं अवघड व्हावं याच हेतूने घडवलेलं आहे. पायथन ३.४ पासून स्ट्रिंगसाठी तेच आहे, ३.११ पासून त्याचा हलका अवतार. रस्टच्या नेहमीच्या हॅशमॅपमध्येही तेच.

फंक्शन चांगलं असूनही सीडच गुप्त राहिलं नाही, असंही होतं. २०१७ मध्ये नोड जेएसमध्ये हे घडलं. प्रोग्राम लवकर सुरू व्हावा म्हणून इंजिनची तयार प्रतिमा बिल्डच्या वेळीच बनवली जाऊ लागली, आणि ‘रँडम’ सीड त्या प्रतिमेतच गोठलं. एका आवृत्तीच्या सगळ्या सर्व्हरवर एकच सीड! सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०१७-११४९९ म्हणून ते नोंदवलं गेलं. हे उदाहरण मला फार आवडतं, कारण हॅशच्या कोडमध्ये कुणी एक ओळही बिघडवली नव्हती.

आमच्या कीज तर आकडेच आहेत. मग आम्हाला काय भीती?

उलट जास्त. आकड्याचा हॅश म्हणून बऱ्याच ठिकाणी तो आकडाच वापरतात. पायथनचं सीड स्ट्रिंग आणि बाइट्सपुरतं आहे. पूर्णांकांना ते लागत नाही, त्यांचे हॅश सगळ्या जगाला ठाऊक असतात. जीसीसी कंपायलरच्या अनऑर्डर्ड मॅपमध्ये, म्हणजे सी++ च्या हॅश टेबलमध्ये, बकेटची संख्या एका ठरलेल्या मूळ संख्यांच्या यादीतून येते. प्रोग्रामिंग स्पर्धांत भाग घेणाऱ्यांना १०७८९७ आणि १२६२७१ हे दोन आकडे तोंडपाठ असतात ते यामुळेच: त्यांच्या पटीतल्या संख्या इनपुटमध्ये दिल्या की समोरच्याचं उत्तर वेळेच्या मर्यादेत बसत नाही. स्पर्धेत याला ‘हॅक’ म्हणतात आणि गुण मिळतात. तुमच्या सर्व्हरवर तेच झालं तर रात्री फोन येतो.

बाहेरून येणारे आयडी थेट की म्हणून वापरत असाल तर स्वतःचं हॅश फंक्शन द्या आणि त्यात प्रोसेस सुरू होताना निवडलेली रँडम संख्या नीट घोळवा. नुसतं एक्सऑर करून भागत नाही. खालचे बिट सारखे असलेले आकडे एक्सऑर केल्यावरही खालच्या बिटांत सारखेच राहतात.

जावा ८ मध्ये बकेटचा ट्री होतो म्हणे. ते पुरेसं नाही का?

बऱ्याच अंशी आहे. एका बकेटमध्ये आठाच्या आसपास नोंदी साचल्या आणि एकूण टेबल किमान ६४ बकेटचं असलं, की त्या यादीचा रेड-ब्लॅक ट्री होतो. मघाच्या ६५,५३६ स्ट्रिंग मग एकाच बकेटमध्ये पडल्या तरी प्रत्येकीला फार तर बत्तीस पायऱ्या लागतात. टकरी टाळायच्या नाहीत, त्यांची किंमत कमी करायची, असा हा विचार. माझ्या मते हा जास्त प्रामाणिक उपाय आहे, कारण तो कुठल्याही गुपितावर टिकून नाही. अट एकच: कीजना आपापसात क्रम हवा. स्ट्रिंगला तो असतो. तुम्ही स्वतः लिहिलेल्या की-क्लासमध्ये कंपेअरेबल नसेल तर ट्रीला वाट शोधता येत नाही आणि फायदा हातचा जातो.

त्यापेक्षा सरळ एसएचए-२५६ वापरलं तर?

नको. ते छोट्या कीजसाठी संथ आहे आणि त्याने प्रश्नही सुटत नाही. एसएचए-२५६ मध्ये गुपित काही नसतं. टेबलला लागतात हॅशचे शेवटचे दहा-वीस बिट. तेवढे जुळणाऱ्या कीज हल्लेखोर घरबसल्या शोधून ठेवू शकतो.

बॅलन्स्ड ट्री वापरला तर या कटकटीतून सुटका होते का?

वेळेच्या हल्ल्यातून होते. साधा, स्वतःला तोलून न धरणारा बायनरी सर्च ट्री मात्र कधीच बाहेरच्या इनपुटसमोर ठेवू नका. चढत्या क्रमाने कीज दिल्या की त्याची यादी होते, आणि चढता क्रम पाठवायला तर हल्लेखोर असण्याचीही गरज नाही. ट्रीप (नोंदींना यादृच्छिक प्राधान्य देणारा ट्री) आणि स्किप लिस्ट (काही नोंदींना वरच्या पातळीचे दुवे देऊन ‘उंच’ करणारी लिस्ट) यादृच्छिकतेवर तोल राखतात, तेव्हा त्यांना ओळखता न येणारा रँडम स्रोत द्या. स्किप लिस्टमध्ये आणखी एक फट असते. कुठली नोंद उंच आहे हे वेळेवरून हेरून तेवढ्याच नोंदी डिलीट करत गेलं तर उरलेली लिस्ट सपाट होते.

ट्रीचा खरा धोका असतो खोलीत. पार्सर रिकर्शनने लिहिलेला असेल तर एक लाख उघडे चौकोनी कंस असलेली फाइल, म्हणजे फक्त शंभर केबी, स्टॅक संपवते. काही भाषांत त्यावर अपवाद फेकला जातो आणि तो पकडता येतो. सी मध्ये प्रोसेसच मरते. मी एकदा कॉन्फिगरेशन वाचणारा छोटासा पार्सर लिहिला होता, ‘ही फाइल आपणच तर बनवतो’ म्हणून खोलीची मर्यादा घातली नाही. वर्षभराने कुणीतरी तोच पार्सर अपलोड झालेल्या फाइलींसाठी वापरला. जावातल्या जॅक्सन लायब्ररीने २.१५ आवृत्तीपासून १००० पातळ्यांची मर्यादा मुळातच घातली आहे. तेवढी खोली खऱ्या कागदपत्रात मला आजवर दिसलेली नाही.

खोलीसारखाच फुगवटाही. एक्सएमएलमधला ‘अब्जावधी हास्य’ नावाचा प्रकार: तीन अक्षरांचं एक नाव, दुसरं नाव म्हणजे पहिल्याच्या दहा प्रती, तिसरं म्हणजे दुसऱ्याच्या दहा. नऊ पायऱ्यांत एक अब्ज प्रती. फाइल एक केबीच्या आत, मेमरी तीन जीबीच्या आसपास. बाहेरून आलेल्या एक्सएमएलमध्ये एंटिटी व्याख्या बंद ठेवा; बहुतेकांना त्या कधी लागतच नाहीत.

ॲरेत काय चुकणार? तो तर सगळ्यात साधा.

साधा आहे म्हणूनच. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म पसरला, त्यातली एक वाट होती ५१२ बाइटचा बफर आणि लांबी न विचारता वाचणारं सी मधलं ‘गेट्स’ फंक्शन. ते फंक्शन भाषेच्या मानकातून काढलं गेलं २०११ साली. २०१४ चा हार्टब्लीड लिहिण्याऐवजी वाचण्याचा होता: समोरचा म्हणतो ‘माझा संदेश ६४ केबीचा आहे’, पाठवतो एकच बाइट, आणि ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शन लायब्ररी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून शेजारची मेमरी परत पाठवते. पासवर्ड, खासगी किल्ल्या, जे काही तिथे पडलं असेल ते.

इंडेक्सची बेरीज हीही अशीच एक जागा. बायनरी सर्चमध्ये मधला इंडेक्स काढताना दोन टोकं मिळवून निम्मी करतात. ३२ बिटांत ती बेरीज २१४ कोटींच्या पुढे गेली की उणे होते. जावाच्या प्रमाणित लायब्ररीत ही चूक वर्षानुवर्षं होती, २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ती उघड केली. वजाबाकी करून निम्मा फरक खालच्या टोकात मिळवा, म्हणजे झालं.

लिंक्ड लिस्टवर हल्ला? ती तर आमच्या प्रोग्रामच्या आत असते.

मेमरी वाटप करणारा ॲलोकेटर मोकळे तुकडे लिंक्ड लिस्टमध्येच ठेवतो, आणि त्या लिस्टचे पॉइंटर मोकळ्या तुकड्यांच्या पोटातच लिहिलेले असतात. शेजारच्या बफरमधून चार बाइट सांडले तरी ते पॉइंटर हल्लेखोराचे होतात. दुहेरी लिस्टमधून नोड काढताना आपण पुढच्याला मागचा आणि मागच्याला पुढचा पत्ता लिहून देतो. दोन्ही पत्ते हल्लेखोराने भरले असतील तर? त्याला हव्या त्या जागी हवी ती किंमत आपणच लिहून दिली.

यावरचा उपाय सुंदर आहे: नोड काढण्याआधी विचारायचं, ‘माझ्या पुढच्याचा मागचा मीच आहे ना?’ २००४ च्या सुमारास विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये आणि लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये ही तपासणी आली. मग २०१७ मध्ये वेगासाठी जीलिबसीत टीकॅश नावाची एकेरी लिस्ट घातली गेली, जिच्यात ही चौकशी नव्हती, आणि जुने डावपेच पुन्हा चालू लागले. २०२० च्या २.३२ आवृत्तीत तिचे पॉइंटर स्वतःच्याच पत्त्याशी एक्सऑर करून ठेवायला सुरुवात झाली.

तुमच्या स्वतःच्या दुहेरी लिस्टमध्येही ही तपासणी घाला. एक-दोन तुलनांचा खर्च आहे, आणि हल्लेखोर सोडा, तुमचे स्वतःचे बगही ती पकडते.

ब्लूम फिल्टर चुकीचं ‘हो’ म्हणतो हे माहीतच आहे. त्यात नवीन काय?

नोंद संचात आहे का, हे थोडक्या बिटांत ‘हो’ किंवा ‘नाही’ असं सांगणारी ही रचना. चुकीचं ‘हो’ किती वेळा म्हणतो, हे हल्लेखोर ठरवू शकतो. एक टक्का चुकीसाठी प्रत्येक नोंदीमागे ९.६ बिट आणि सात हॅश असं गणित असतं. भरलेल्या फिल्टरमध्ये निम्मे बिट चढलेले असतात. आता हल्लेखोराला हॅश ठाऊक असतील तर तो अशाच नोंदी घालेल ज्यांचे सातही बिट आधी रिकामे आहेत. तितक्याच नोंदींत ७३ टक्के बिट चढतात आणि चुकीचं प्रमाण एकावरून अकरा टक्क्यांवर जातं. शेवटच्या नोंदींसाठी त्याला दहा हजारांच्या आसपास नावं चाचपावी लागतात, जे लॅपटॉपवर डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. याच पद्धतीने तो मुद्दाम ‘हो’ मिळवणारं, पण कधी न घातलेलं नावही शोधतो. फिल्टर पाठच्या डेटाबेसला वाचवण्यासाठी ठेवला असेल तर तोच आता त्याला तिथे नेऊन सोडतो.

गुप्त की असलेला हॅश वापरा आणि फिल्टरचे बिट कुणाला देऊ नका. हायपरलॉगलॉगसारख्या मोजणी करणाऱ्या रचनांनाही हेच लागू: हॅश उघड असेल तर लाखो वेगळ्या नोंदी पाठवूनही आकडा खालीच ठेवता येतो.

मर्कल ट्री तर सुरक्षेसाठीच आहे!

हो, त्यात प्रत्येक नोड खालच्या नोडचा हॅश असतो, म्हणून मुळाच्या हॅशवरून सगळा मजकूर पडताळता येतो. पण रचताना दोन खड्डे आहेत. पान आणि आतला नोड एकाच पद्धतीने हॅश केले तर आतल्या नोडचा मजकूर ‘हे पान आहे’ म्हणून खपवता येतो. सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या (वेबसाइटच्या सर्टिफिकेटांची जाहीर नोंदवही) मानकात, म्हणजे २०१३ च्या आरएफसी ६९६२ मध्ये, पानाआधी शून्याचा आणि आतल्या नोडआधी एकाचा बाइट लावतात तो यासाठी. दुसरा खड्डा विषम संख्येचा: बिटकॉइनमध्ये शेवटचं पान एकटं पडलं की ते दोनदा धरतात. त्यामुळे दोन वेगळ्या यादींचं मूळ एकच येऊ शकायचं. कुणी दुहेरी व्यवहारांचा ब्लॉक पाठवला, नोडने तो नाकारून ‘हा हॅश वाईट’ अशी नोंद केली, की मागून आलेला खरा ब्लॉकही नाकारला जाई. सीव्हीई-२०१२-२४५९.

जावास्क्रिप्टमध्ये साधं ऑब्जेक्ट डिक्शनरी म्हणून वापरलं तर चालेल?

की बाहेरून येत असेल तर नाही. ‘__proto__’ नावाची खास की पाठवून सगळ्या ऑब्जेक्टच्या सामाईक पूर्वजात गुणधर्म घुसवता येतो. दोन ऑब्जेक्ट खोलवर एकत्र करणारी फंक्शन्स यात हमखास सापडतात. लोडॅश या लोकप्रिय लायब्ररीलाही २०१९ मध्ये यावर दुरुस्ती काढावी लागली. मॅप वापरा.

रस्टमध्ये लिहिलं की सगळं सुटतं का?

ॲरे आणि लिंक्ड लिस्टवाले बरेच प्रश्न सुटतात. वेळेचे सुटत नाहीत. २०१६ मध्ये रस्टच्याच हॅशमॅपमध्ये एक मजेदार प्रकार आढळला: एका मॅपमधल्या नोंदी क्रमाने काढून दुसऱ्या छोट्या मॅपमध्ये घातल्या की काम वर्गाच्या पटीत वाढायचं, कारण दोघांचं सीड एकच होतं आणि पहिल्याचा क्रम म्हणजे दुसऱ्यातल्या टकरींचा नकाशाच. तिथे हल्लेखोर कुणीच नव्हता.

टोकन किंवा सही तपासताना काय?

साधी तुलना पहिल्या वेगळ्या बाइटला थांबते, आणि किती वेळ लागला यावरून किती बाइट जुळले ते कळत जातं. भाषेतलं स्थिर वेळेचं तुलना फंक्शन वापरा. गुपित स्वतः हॅशमॅपची की करून शोधू नका. त्याचा क्रिप्टोग्राफिक हॅश काढा आणि तो शोधा.

पायथनच्या पिकल (ऑब्जेक्ट फाइलमध्ये साठवण्याची पद्धत) मध्ये आलेला डेटा वाचण्याआधी तपासता येईल का?

नाही. वाचणं म्हणजेच चालवणं. बाहेरचा असेल तर वाचूच नका, जेसन घ्या.

आमच्या जुन्या सिस्टिममध्ये सुरुवात कुठून करू?

सगळीकडे सिपहॅश लावत सुटणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं. आधी जिथे बाहेरची की थेट रचनेत जाते त्या जागा शोधा: हेडर, पॅरामीटर, जेसनच्या कीज, अपलोड झालेल्या फाइलींची नावं, कॅशच्या कीज. तिथे आकार, संख्या आणि खोली या तिन्हींवर मर्यादा घाला, आणि त्या पार्सिंगच्या आधी लागू होतात ना ते बघा. पार्स झाल्यावर मोजून उपयोग नाही, तोवर मार बसून गेलेला असतो.

मग एक टेस्ट लिहा. वरच्या ६५,५३६ स्ट्रिंग पंधरा ओळींत तयार होतात. तेवढ्याच लांबीच्या, तेवढ्याच संख्येच्या यादृच्छिक स्ट्रिंग घ्या, दोन्ही संच त्याच दारातून आत सोडा आणि लागलेला वेळ शेजारी शेजारी मांडा. जावाव्यतिरिक्त दुसऱ्या भाषेत असाल तर त्या भाषेच्या हॅशप्रमाणे जोड्या बदलाव्या लागतील. दोन वेळांत थोडाफार फरक येईलच. शंभर पटीचा आला तर कुठे शोधायचं ते आता माहीत आहे.